'पाठवले' की 'पोहोचले'? सिकलसेलच्या कामासाठी आम्ही पहिला निधी कसा मिळवला

मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि उत्तर नागपुरातल्या एका छोट्या संस्थेची सचिव. संस्था २०१६ ची, काम एकच, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे. त्याच्या दुखण्याच्या रात्री आमच्या घराने काढल्या आहेत. त्यातूनच आम्ही सात जणांनी ही संस्था काढली. वस्त्यांत आणि शाळांत सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी करायची, पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढच्या तपासणीला पाठवायचं, लग्न जुळवताना पत्रिकेआधी दोन्हीकडचे रिपोर्ट बघा म्हणून घरोघरी सांगायचं. इतकी वर्षं हे सगळं वर्गणीवर चाललं. वर्षाला दीड-दोन लाख जमायचे, त्यात भागवायचं.

जून २०२३ ते डिसेंबर २०२४ या दीड वर्षात आम्ही पहिल्यांदा एका कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा पैसा, मिळवला आणि त्यासाठी फी देऊन प्रस्ताव लिहून घेतला. तेव्हा असं कोणी तारखांसकट, खर्चासकट सांगितलं असतं तर आमचे निदान सहा महिने वाचले असते. म्हणून लिहिते आहे.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो. २०२३ च्या त्या दिवशी इंदोऱ्यातल्या आमच्या शिबिरात दुपारी दीडलाच चाचणीचं द्रावण संपलं आणि रांगेतल्या तीसेक जणांना परत पाठवावं लागलं. त्यात एक गरोदर बाई होती. ती म्हणाली, "पुन्हा कधी याल जी?" मला तारीख सांगता आली नाही. पुढच्याच पंधरवड्यात, १ जुलैला, मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य. सगळीकडे सिकलसेलची चर्चा सुरू झाली. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, आता कंपन्यांचं लक्ष या विषयाकडे आहे, तुम्ही सीएसआरसाठी अर्ज करा.

मी तो शब्द ऐकून होते, त्याचा अर्थ मात्र तेव्हा शिकले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. काम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसलं पाहिजे. आरोग्य त्यात आहेच. आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायद्यातच लिहिलं आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी आमच्यापासून तासाभरावर. मला वाटलं, आपलं काम खरं आहे, चांगलं पत्र लिहिलं की होईल.

जुलै ते सप्टेंबर मी रात्री बसून प्रस्ताव लिहिला. दोन पानं होती. सुरुवात 'सिकलसेल हा एक भयंकर आनुवंशिक आजार असून' अशी, आणि शेवटी 'तरी आपण सढळ हाताने मदत करावी ही नम्र विनंती'. किती लोकांसाठी, किती दिवसांत, नेमकं काय करणार, याचा त्यात एकही आकडा नव्हता. रक्कमसुद्धा लिहिली नव्हती, कारण मागताना संकोच वाटत होता. हे पत्र अकरा कंपन्यांना पाठवलं. नऊ ठिकाणांहून काहीच आलं नाही. दोघांनी एकेका ओळीत उत्तर दिलं: सीएसआर-१ क्रमांक, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरची संस्थेची नोंदणी), १२ए, ८०जी (प्राप्तिकर खात्याच्या करसवलतीच्या नोंदण्या), तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाठवा.

ती ओळ घेऊन ऑक्टोबरमध्ये मी आमच्या सीएंकडे गेले. १२ए आणि ८०जी ची नवी नोंदणी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हाच त्यांनी करून ठेवली होती, तीन वर्षांचं ऑडिटही होतं. पण कंपनीला थेट निधी द्यायचा तर संस्थेकडे सीएसआर-१ चा क्रमांक हवा, हे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं झालं होतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. शिवाय त्याच स्वरूपाच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो आमच्याकडे होता. सीएसआर-१ कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात. पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र. फॉर्म नीट गेला की क्रमांक लगेच तयार होतो. आमचा अडकला, कारण नोंदणी प्रमाणपत्रावर 'बहुउद्देशीय'चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि पॅनवर दुसरं. सात वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पॅन दुरुस्त करून यायला तीन आठवडे लागले. तुम्ही आजच पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि १२ए चा आदेश टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून संस्थेचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट मोठी होती, आणि ती सर्वस्वी आमची चूक. आमचे पहिले अध्यक्ष मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. त्यांच्या जागी आम्ही आमच्यातल्याच काकांना निवडलं, ठराव केला, आणि त्या काळात बाकी सगळं राहून गेलं. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. आम्ही दिलाच नव्हता. म्हणजे शेड्यूल वनच्या, धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून अजूनही गेलेल्या माणसाचं नाव. ज्यांनी संस्थेला पहिलं टेबल दिलं, पहिला बॅनर स्वतः बांधला, त्यांचं नाव खोडायचा अर्ज भरताना माझा हात अडखळला. दर्पण पोर्टलवरही त्यांचंच नाव होतं; तिथे किमान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार लागतात.

नोव्हेंबरमध्ये वकिलामार्फत सिव्हिल लाइन्सच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आणि त्यासोबत विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह दिला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. नागपूरकरांना सांगायला नको, त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे काम असेल तर बंदोबस्त आणि बंद रस्ते धरूनच निघायचं. जमलं तर तारीख आधीची किंवा जानेवारीतली घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल मंजूर झाला. वकील ६,०००, सीएसआर-१ साठी सीएंची फी ३,०००, डिजिटल सही १,८००, पॅन-टॅन-नोटरी-झेरॉक्स मिळून १,४००. प्रस्तावाची एक ओळ लिहायच्या आधी १२,२०० रुपये आणि चार महिने गेले होते.

परदेशी देणग्यांचं काय, असंही काहींनी विचारलं. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि तिला इतर अटींसोबत मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. आमचा झाला नव्हता. तो विषय तिथेच संपला.

कागद चालू असतानाच, जानेवारीत, प्रस्ताव लिहून देणारं कोणी शोधायला लागलो. पहिले भेटले ते गृहस्थ खूप आत्मविश्वासाने बोलले. "ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. पंधरा हजार आधी द्या, बाकी मिळालेल्या रकमेचे दहा टक्के. बजेटमध्ये बसवून देतो." कुठल्या रकान्यात बसवणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, प्रवासात, छपाईत, थोडं-थोडं वाढवून. घरी येईपर्यंत मला त्यांचं पटत होतं, खरं सांगते. निधी मिळाला तरच पैसे द्यायचे, म्हणजे आपल्याला धोका नाही, असं वाटतं. रात्री हिशेब मांडला तेव्हा कळलं. निधी येतो तो ठरलेल्या रकान्यांसाठी. वर्षाअखेर सीएंच्या सहीने विनियोग प्रमाणपत्र द्यायचं असतं. दहा टक्के त्या गृहस्थांना गेले तर प्रवास न करता प्रवासाचं बिल लागणार, आणि सही माझी असणार. पुढे कळलं की अमेरिकेतल्या अनुदानलेखक आणि निधिसंकलकांच्या व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितांतही टक्केवारीवर मेहनताना घेणं निषिद्ध आहे. आपल्याकडे तसा कायदा नसेल, पण कारण तेच आहे. टक्केवारी मागणाऱ्याला नाही म्हणा. हमी देणाऱ्यालाही. निधी देणं कंपनीच्या समितीच्या हातात असतं, लेखकाच्या नाही.

दुसरीकडे मुंबईच्या एका सल्लागारांनी दीड लाख सांगितले. ते आमचं वर्षाचं बजेट होतं.

तिसऱ्या भेटल्या त्या एक मॅडम, सीएसआरचं सुचवणाऱ्या त्याच डॉक्टरांमुळे. गडचिरोली आणि मेळघाटात संस्थांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेलं, आता नागपुरात राहून प्रस्ताव आणि अहवाल लिहितात. त्यांनी भेटीआधी तीन वर्षांचं ऑडिट आणि उतारा मागवला आणि वाचून आल्या. म्हणाल्या, "निधी मिळेल असं मी लिहून देणार नाही, ताई. प्रस्ताव वेळेत, नीट आणि खरा होईल, एवढं लिहून देते." फी ४२,०००, तीन हप्त्यांत: काम सुरू करताना, मसुदा हाती आल्यावर आणि प्रस्ताव सादर झाल्यावर. निधी मिळो न मिळो.

मार्चच्या पहिल्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. कोषाध्यक्ष भाऊंचा विरोध होता. "बेचाळीस हजार फक्त लिहायचे? त्यात दोन शाळा होतात ना जी." त्यांचं चूक नव्हतं. मलाही तेच टोचत होतं. परत गेलेली ती गरोदर बाई डोळ्यांसमोर होती. शिवाय करार होण्याआधीचा खर्च निधीतून घेता येत नाही, म्हणजे हे पैसे गेले की गेले. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी काका म्हणाले, "सात वर्षं आपण वर्गणी मागून राहिलो. एकदा नीट मागून पाहू." ठरावात असं आलं की संस्थेच्या शिलकीतून २१,००० आणि उरलेले आम्ही तिघांनी सात-सात हजार घालायचे. तिघांत भाऊंनी स्वतःचं नाव आधी लिहिलं.

करार दोन पानी होता. एक मूळ प्रस्ताव आणि त्यावरून चार कंपन्यांच्या नमुन्यात चार अर्ज. दोनदा दुरुस्ती फीमध्येच. मजकुरावर हक्क संस्थेचा. आमच्याकडून मागितलेली माहिती सात दिवसांत. आणि रुग्णांची नावं, फोन नंबर, फोटो कुठल्याही कागदात जाणार नाहीत, ही अट मॅडमनीच घातली. सिकलसेलमध्ये ही बाब फार नाजूक आहे. एखाद्या मुलीचा एएस (वाहक असल्याचा) रिपोर्ट गावभर झाला तर तिचं लग्न मोडतं, हे आम्ही पाहिलं आहे. सीएंनी एक गोष्ट वेळेवर सांगितली: तेव्हाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक फी वर्षात ३०,००० च्या वर गेली की प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली संस्थेने दहा टक्के टीडीएस कापायचा आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागतो. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली.) पहिला हप्ता ४ एप्रिलला दिला: १४,००० मधून १,४०० कापून १२,६००.

मला वाटलं होतं, मॅडम आता लॅपटॉप उघडून लिहायला लागतील. त्यांनी आधी वह्या मागितल्या.

आमच्या खोलीत निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या आहेत, वर्षाला एक. एप्रिलची दुपार, कूलरचं पाणी संपलेलं. मॅडम सतरंजीवर बसल्या आणि २०२२ ची वही उघडली. नाव, वय, वस्ती, चाचणी, निकाल, आणि शेवटचा रकाना 'पुढील कार्यवाही'. त्या रकान्यावरून बोट खाली-खाली नेत गेल्या. पाठवले. पाठवले. पाठवले. पाठवले. माझंच अक्षर. मग वर बघून म्हणाल्या, "पाठवले म्हणजे पोहोचले का, ताई?"

इथे थोडं सांगायला हवं. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की सिकल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा होतात. पण ती व्यक्ती वाहक आहे, म्हणजे एएस, की रुग्ण आहे, म्हणजे एसएस, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. मी रोज लॅबमध्ये हे करते, मला हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि माझ्याच वहीत, त्या एका वर्षात पॉझिटिव्ह आलेली ३८ नावं होती, त्यांतल्या २१ जणांच्या पुढच्या रिपोर्टची प्रत चिकटवलेली होती आणि १७ जणांपुढे नुसतं 'पाठवले'.

त्या संध्याकाळी मी सतराही नंबर लावले. सहा बंद होते. तिघांनी, "हो, गेलो नाही जी, राहून गेलं," म्हटलं. एका मुलीच्या आईने सांगितलं, तिचं लग्न झालं, मुलगा पाच महिन्यांचा आहे. नवऱ्याची तपासणी? "नाही केली." आई-वडील दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका एसएस बाळाचा असतो. हे वाक्य मी कितीतरी शाळांत फळ्यावर काढून दाखवलं आहे. त्या रात्री मला झोप आली नाही.

मॅडमनी प्रस्ताव तिथूनच सुरू केला. आधीचं 'भयंकर आनुवंशिक आजार' गेलं. नवी मागणी अशी की उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक व्यक्ती दुसऱ्या तपासणीपर्यंत आणि समुपदेशनापर्यंत पोहोचवायची, आणि पोहोचली याची नोंद ठेवायची. आमच्या कामातला दोष झाकायचा नाही, तोच गरज म्हणून मांडायचा. मला भीती वाटली, असं लिहिलं तर कोण पैसे देईल. त्या म्हणाल्या, ज्या संस्थेला आपलं कुठे गळतं हे माहीत आहे तिच्यावर विश्वास बसतो. भाऊंना हे पटायला दोन दिवस लागले. मला चार.

मेपर्यंत सात वर्षांच्या वह्यांतले आकडे संगणकावर चढवले. रोज लॅबमधून आल्यावर दोन तास, भाचीला सोबत घेऊन. निवडणुकीमुळे १९ एप्रिलच्या आसपास आमचे शिक्षक सदस्य कामात गुंतले होते, ऊन तर होतंच. मॅडम दरम्यान केंद्राच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरून कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला ते काढत होत्या. कंपन्यांना आपलं सीएसआर धोरण, समिती आणि मंजूर प्रकल्प स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावे लागतात, आणि वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं. ते वाचून आमच्या अकरांच्या यादीतल्या सात कंपन्या त्यांनी बाद केल्या. त्या आरोग्यावर पैसाच देत नव्हत्या. मी तीन महिने त्यांच्या उत्तराची वाट पाहिली होती.

अंदाजपत्रकावर सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन क्षेत्र कार्यकर्त्या, महिना १२,००० मानधनाने, वर्षाचे २,८८,०००. अर्धवेळ समन्वयक ९६,०००. तपासणीचं साहित्य आणि लॅबचा खर्च १,८०,०००. प्रवास १,२०,०००. प्रशिक्षण आणि छपाई ९०,०००. लॅपटॉप-प्रिंटर ६०,०००. हिशेब आणि ऑडिट ३०,०००. खोलीचं भाडं, फोन वगैरे प्रशासकीय ९६,०००. एकूण ९,६०,०००. मी कार्यकर्तीचं मानधन आठ हजार लिहिलं होतं, स्वस्त दिसावं म्हणून. मॅडमनी विचारलं, उन्हातान्हात वस्तीत फिरून, लोकांच्या घरातलं इतकं नाजूक बोलून आठ हजारांत कोण टिकेल? सहा महिन्यांनी ती सोडून गेली की प्रकल्प तिथेच थांबेल. प्रत्येक रकमेमागे कोटेशन किंवा हिशेब जोडला. ऑटोचा खर्चसुद्धा इंदोरा ते मेडिकल रुग्णालय असा फेरीवार लिहिला.

१४ जून २०२४ ला चारही अर्ज गेले. जुलैत एक नकार आला, सभ्य आणि कारणासहित: यंदाचा वार्षिक आराखडा एप्रिलमध्येच ठरला आहे. ही फार कामाची माहिती निघाली. कंपनीची सीएसआर समिती दरवर्षीचा कृती आराखडा करते आणि संचालक मंडळ तो मंजूर करतं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत प्रस्ताव हाती पडला तर पुढच्या वर्षात जागा मिळण्याची शक्यता जास्त. दुसरा नकार ऑगस्टमध्ये आला. तिसऱ्यांकडून आजवर काही नाही.

चौथी कंपनी हिंगणा एमआयडीसीतली. त्यांनी जुलैअखेर चौदा प्रश्नांचा मेल पाठवला. लैंगिक छळ प्रतिबंधक धोरण आहे का, बालसंरक्षण धोरण आहे का, पदाधिकाऱ्यांचं आपसात नातं आहे का, रोखीने किती व्यवहार होतात. धोरणं नव्हती. मॅडमनी नमुने दिले, आम्ही बैठक घेऊन वाचली, आपल्या कामाला लागू पडतील अशी बदलली आणि ठराव केला. ऑगस्टच्या भर पावसात त्यांचे अधिकारी खोलीवर आले. मॅडम त्या दिवशी मुद्दाम आल्या नाहीत. "उत्तरं तुमची हवीत," म्हणाल्या.

अधिकारी साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सरकारचं मिशन चालू आहे. मग तुमची गरज काय?" मी त्यांच्यापुढे २०२२ ची वही ठेवली. शेवटचा रकाना दाखवला. म्हटलं, तपासणी करणारे आता पुष्कळ होतील, चांगलंच आहे. पण तपासणीनंतर माणूस घरी जातो तेव्हा त्याच्यामागे कोण जातं? आणि विदर्भात सिकलसेल आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जातींत, इतर मागासवर्गातही आहे, शहरातल्या वस्त्यांतही आहे. ते पंधरा मिनिटं वही चाळत होते. मग कार्यकर्तीला कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायला शिकवाल, असं त्यांनी विचारलं आणि मला कळलं की माणूस ऐकतो आहे.

सप्टेंबर पूर्ण शांत गेला. आम्ही दर पंधरा दिवसांनी एक छोटा मेल टाकत होतो, फोन नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्चेसाठी हिंगण्याला बोलावलं. मेट्रोने इंदोऱ्याहून सीताबर्डीला बदलून लोकमान्य नगरपर्यंत गेलो, काका, भाऊ आणि मी. समन्वयक आणि लॅपटॉप त्यांनी काढलं. प्रशिक्षण-छपाई निम्मी केली. प्रशासकीय खर्चाबाबत ते म्हणाले, कायद्यात पाच टक्क्यांची मर्यादा आहे. यावर मॅडमनी आम्हाला आधीच तयार केलं होतं: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही, मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत ते स्पष्ट केलं आहे. भाऊंनी त्याची प्रत पुढे केली. ९६,००० चे ४८,००० राहिले. नाहीतर तेही गेले असते. अंतिम रक्कम ठरली ७,११,०००.

मंजुरीचा मेल २२ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधी आला. करार २६ नोव्हेंबरला, पाचशेच्या स्टॅम्पवर. शंभरचा त्या ऑक्टोबरपासून चालत नाही. हप्ते ४०, ४० आणि २० टक्क्यांचे, दर तिमाहीला प्रगती अहवाल आणि खर्चाचा तक्ता. प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं काढलं; करारात सक्ती नसली तरी काढा, हिशेब सरळ राहतो. १२ डिसेंबर २०२४ ला २,८४,४०० जमा झाले. मी लॅबमधून भाऊंना फोन केला. ते फक्त "आले?" म्हणाले आणि मग बराच वेळ दोघंही फोन धरून गप्प होतो.

त्याच संध्याकाळी मॅडमना कळवलं. त्यांची फी जूनमध्येच पूर्ण दिली होती. त्यांनी आनंद सांगितला आणि लगेच विचारलं, पहिला तिमाही अहवाल कधी द्यायचा आहे?

दोन्ही कार्यकर्त्या जानेवारीत रुजू झाल्या. एक नर्सिंगचं शिक्षण अर्धवट राहिलेली, दुसरी स्वतः एएस. नव्या वहीत 'पुढील कार्यवाही' हा रकाना आम्ही काढून टाकला. आता तीन रकाने आहेत: 'पाठवले', 'पोहोचले', 'रिपोर्ट हातात दिला', प्रत्येकापुढे तारीख आणि सही. सुरुवात त्या सतरा जणांपासूनच केली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तेरा जण तपासणीपर्यंत पोहोचले. वर्षभरापूर्वी जिचा मुलगा पाच महिन्यांचा होता, ती मुलगी नवऱ्याला घेऊन आली. तो एए निघाला, म्हणजे वाहकही नाही. रिपोर्ट हातात घेऊन ती तिथेच बाकावर बसून रडली. सोबतच्या कार्यकर्तीने तिला पाणी दिलं आणि वहीत तारीख घातली.

चार नावं उरली आहेत. त्यांतल्या एका कुटुंबाने खोली बदलली, बुटीबोरीकडे कुठे कामाला गेले, असं शेजारणीने सांगितलं. तिच्याकडून नवा नंबर मिळाला आहे. येत्या रविवारी आम्ही तिकडे जाणार आहोत.